टेक्सासमध्ये ‘सुपर कॉम्बो’ घ्यावं की सुटं लायसन्स: शिकार आणि मासेमारीच्या फीचा हिशेब

टेक्सासमध्ये शिकार आणि मासेमारीच्या लायसन्सचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं आणि ३१ ऑगस्टला संपतं. नवी लायसन्सं ऑगस्टच्या मध्यावर विक्रीला येतात. त्या दिवसांत दुकानाच्या काउंटरवर ‘कुठलं घेऊ?’ असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: सुपर कॉम्बो घ्या, शिकार आणि मासेमारीचं एकत्र लायसन्स, ६८ डॉलर, सगळं त्यात आलं. हे उत्तर अर्धंच खरं आहे. ज्याला फक्त तलावाकाठी गळ टाकून बसायचंय त्याने ६८ डॉलर भरायचं काहीच कारण नाही. ज्याला हरणाची शिकारही करायचीय आणि तलावातले नि खाडीतले दोन्ही मासे पकडायचेत, त्याने तीन डॉलर वाचवण्यासाठी सुटी लायसन्सं जमवण्यात अर्थ नाही. आणि भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या वडिलांना मासेमारीसाठी गॅल्व्हस्टनच्या समुद्रावर न्यायचं असेल तर त्यांना सुपर कॉम्बो मिळतच नाही.

आपल्या लोकांचा इथे गोंधळ होणं साहजिक आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय जवळपास संपला, आणि कोकणात खाडीकाठी गरी टाकून बसलेल्या पोराला कुणी लायसन्स विचारत नाही. इथे मात्र बांधावर उभ्या असलेल्या माणसाकडेही गेम वॉर्डन, म्हणजे शिकार-मासेमारीचे नियम पाळले जातात का हे बघणारा अधिकारी, लायसन्स मागतो. ते नसेल तर दंड २५ ते ५०० डॉलर.

काय बदललं

फीपासून सुरुवात करू. टेक्सासने सरसकट फीवाढ केली ती २००९ साली. तेव्हा सुपर कॉम्बो ६४वरून ६८ डॉलर झालं, शिकारीचं साधं लायसन्स २३वरून २५ झालं, आणि मासेमारीच्या तिन्ही पॅकेजांत प्रत्येकी दोन डॉलर वाढले. हेच आकडे २०२४-२५च्या हंगामातही कायम होते. राज्याबाहेरच्या बदलांपैकी खिशाला जाणवला तो एकच: बदकांच्या शिकारीसाठी लागणारा फेडरल डक स्टँप २०१५मध्ये १५वरून २५ डॉलर झाला. हा स्टँप सुपर कॉम्बोत येत नाही, आणि बदकांसाठी पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐन वेळी कळते.

फी जागच्या जागी राहिली, पण लायसन्सचं रूप बदललं. २०२२-२३च्या हंगामापासून सुपर कॉम्बो पूर्ण डिजिटल मिळू लागलं, टॅगसकट, म्हणजे मारलेल्या प्राण्यावर किंवा पकडलेल्या माशावर लावायच्या चिठ्ठ्यांसकट. ज्येष्ठांचं सुपर कॉम्बो, मुलांचं शिकारीचं लायसन्स आणि आजीवन कॉम्बो यांनाही तेव्हाच ही सोय मिळाली. पुढे डक स्टँपचंही तेच झालं. डिसेंबर २०२३मध्ये मंजूर झालेल्या फेडरल कायद्यानंतर मोबाइलवरचा ई-स्टँप पूर्ण हंगामभर चालतो, कागदी स्टँप पोस्टाने येण्याची वाट बघत बसावं लागत नाही. २०२४-२५पासून खाऱ्या पाण्याच्या लायसन्सबरोबर स्पेकल्ड ट्राउट या माशासाठीही एक टॅग येऊ लागला. २८ इंच किंवा त्याहून मोठा एक ट्राउट वर्षातून ठेवता येतो तो या टॅगवर.

आधी ठरवा, तुम्ही रहिवासी आहात का

सगळ्या किमती या एका प्रश्नावर फिरतात. रहिवाशाचं शिकारीचं लायसन्स २५ डॉलर, बाहेरच्याचं ३१५. तफावत एवढी मोठी असल्यामुळे इथे खोटं बोलायचा मोह होतो. तो टाळा.

लायसन्स घेण्याच्या लगेच आधी टेक्सासमध्ये सलग सहा महिन्यांहून जास्त काळ राहिलेला माणूस रहिवासी धरला जातो. नागरिकत्व हा इथे निकष नाही, त्यामुळे एच-वन-बीवर आलेला इंजिनियरही सहा महिने पूर्ण झाले की रहिवासी दराने लायसन्स काढू शकतो. टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर काम सोपं होतं. ते नसेल तर सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांची वीज-पाण्याची बिलं, गाडीचं सध्याचं रजिस्ट्रेशन, टॅक्स रिटर्न अशा पुराव्यांपैकी तीन लागतात. नुकतेच कॅलिफोर्नियातून किंवा न्यू जर्सीतून आला असाल तर तारीख मोजा आणि तोवर एक दिवसाच्या लायसन्सवर भागवा.

१७ वर्षांखालच्या मुलांना मासेमारीसाठी लायसन्स लागत नाही, ती टेक्सासची असोत की पुण्याहून सुट्टीला आलेली. शिकारीसाठी मात्र त्यांना ७ डॉलरचं युथ लायसन्स लागतं, आणि तेही कुठल्याही राज्याच्या मुलाला त्याच दरात मिळतं.

आता बेरीज

मासेमारीची तीन पॅकेजं आहेत: गोडं पाणी ३० डॉलर, खारं पाणी ३५, दोन्ही मिळून ४०. शिकारीचं मूळ लायसन्स २५. त्याच्यावर गरजेप्रमाणे एंडोर्समेंट, म्हणजे जादा परवानग्या, चढतात, ज्यांना दुकानात अजूनही स्टँप म्हणतात: धनुष्यबाणासाठी ७, टर्की-क्वेलसारख्या पक्ष्यांसाठी ७, होले आणि बदकं अशा स्थलांतरित पक्ष्यांसाठी ७. सगळं सुटं घेतलं तर २५ अधिक ४० अधिक २१, म्हणजे ८६ डॉलर. सुपर कॉम्बोत हेच ६८ला मिळतं. जाहिरातीत दाखवली जाते ती हीच अठरा डॉलरची बचत. पण ती त्यालाच होते, ज्याला हे सगळं खरोखर लागतं.

तुमचं वर्ष कसं जातं ते बघा. प्लॅनो किंवा फ्रिस्कोत राहता, शनिवारी सकाळी मुलांना घेऊन लेक लुईव्हिलला जाता, बंदुकीशी संबंध नाही: ३० डॉलर, विषय संपला. शुगर लँडला राहता आणि कधी लेक कॉनरो, कधी टेक्सास सिटी डाइक: ४० डॉलर. हरणाच्या शिकारीला एकदा जायचंय, रायफलने, आणि मासेमारी करत नाही: २५ डॉलर. सप्टेंबरमध्ये मित्रांबरोबर होल्यांच्या शिकारीला जायचंय: २५ आणि ७, म्हणजे ३२.

गंमत सुरू होते ती दोन्ही छंद असले की. हरीण आणि गोड्या पाण्यातले मासे: ५५. होले आणि गोडं पाणी: ६२. इथपर्यंत सुटं घेणंच स्वस्त. पण हरीण आणि दोन्ही पाणी घेतलं की ६५ होतात, म्हणजे सुपर कॉम्बोपेक्षा फक्त तीन डॉलर कमी. होले आणि दोन्ही पाणी घेतलं की ७२, म्हणजे सुपर कॉम्बोपेक्षा महाग. माझा सल्ला सरळ आहे: शिकार आणि खारं पाणी दोन्ही तुमच्या यादीत असतील तर बेरीज करत बसू नका, सुपर कॉम्बो घ्या. त्यातलं एक जरी नसेल तर वहीवर आकडे मांडा.

आणखी एक हिशेब कॅलेंडरचा. सुपर कॉम्बो कधीही घ्या, ते ३१ ऑगस्टलाच संपतं. जून महिन्यात कुणी ६८ डॉलर भरले तर त्याला तीन महिनेसुद्धा पुरते मिळत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात सुरुवात करणाऱ्या मासेमारांसाठी ‘इयर फ्रॉम पर्चेस’ नावाचं दोन्ही पाण्यांचं पॅकेज आहे: ४७ डॉलर, आणि घेतल्या दिवसापासून पूर्ण वर्षभर चालतं. हे फक्त रहिवाशांना, आणि फक्त मासेमारीला. मार्चनंतर पहिल्यांदा गळ हातात घेणाऱ्याने बाकी कशाकडे बघूच नये.

६५ वर्षांपुढच्या रहिवाशांना सगळंच स्वस्त आहे. त्यांचं सुपर कॉम्बो ३२ डॉलर, दोन्ही पाण्यांची मासेमारी २२, नुसतं गोडं पाणी १२. ग्रीन कार्डवर मुलांकडे कायमचे राहायला आलेले आई-वडील सहा महिन्यांनंतर या दरात बसतात, आणि त्यांच्यासाठी याहून स्वस्त करमणूक मला तरी माहीत नाही.

कागदी की डिजिटल

ज्याला टॅग लागत नाहीत त्याला हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण साधं लायसन्स मोबाइलवर दाखवलं तरी चालतं. प्रश्न टॅगचा आहे. हरीण, टर्की आणि मोठा रेडफिश यांना टॅग लावल्याशिवाय ठेवता येत नाही.

रेडफिशचं उदाहरण घेऊ, कारण आपल्या लोकांची गाठ बहुतेक त्याच्याशीच पडते. हा मासा २० ते २८ इंचांच्या दरम्यान असेल तर दिवसाला तीन ठेवता येतात. २८ इंचांहून मोठा असेल तर तो सोडायचा, नाहीतर वर्षाचा एक टॅग त्यावर खर्च करायचा. मोजायची रीतही ठरलेली आहे: मासा पट्टीवर आडवा, तोंड मिटलेलं, आणि शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जवळ आणून शेवटच्या टोकापर्यंत. शेपटी पसरून मोजली तर २८चा मासा साडेसत्तावीसचा वाटू शकतो, आणि वॉर्डन स्वतःच्या पट्टीवर चिमटीत धरूनच मोजतो. टॅग वापरायचा ठरवला तर त्यावरची माहिती शाईने भरायची, महिना आणि तारीख कापून काढायची, आणि शेपटीच्या पंख्याच्या जरा अलीकडे, जिथे अंग सगळ्यात बारीक होतं, तिथे तो घट्ट बांधायचा. हे सगळं तिथेच, घरी जाऊन नाही. खिशात सुरी, बॉलपेन आणि सुतळीचा तुकडा असू द्या, कारण वाऱ्यात, ओल्या हातांनी, वळवळणारा मासा सांभाळत या तीन गोष्टी शोधणं अवघड जातं.

डिजिटल लायसन्समध्ये हा कागद नसतो. ‘टेक्सास हंट अँड फिश’ या अ‍ॅपमध्ये तिथल्या तिथे नोंद करायची, की टॅग वापरला गेला. एकदा लॉगिन केलेलं असलं की रेंज नसतानाही नोंद होते आणि सिग्नल आला की पुढे जाते. म्हणून निघण्यापूर्वी, घरच्या वायफायवर, अ‍ॅप उघडून तुमचं लायसन्स दिसतंय ना हे बघा. डिजिटल घेतलं की कागदी टॅग येत नाहीत, दोन्ही एकत्र मिळत नाहीत, आणि डिजिटल फक्त ऑनलाइन मिळतं. ज्याचा फोन जुना आहे, बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते, किंवा ज्याला अ‍ॅपशी झगडायला आवडत नाही, त्याने बिनधास्त कागदी घ्यावं. किंमत तीच आहे.

शिकार करायची असेल तर आधी दोन गोष्टी

पहिली, हंटर एज्युकेशन. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हा कोर्स लागतो. सुपर कॉम्बो कोर्सशिवाय विकत मिळतं, पण त्यावर एकट्याने शिकारीला जाता येत नाही. १७ वर्षांपुढच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. वेळ नसेल तर १० डॉलर भरून एकदाच सवलत मिळते, पण मग अनुभवी लायसन्सधारकाच्या सोबतीनेच शिकार करावी लागते. मी म्हणेन, सवलत घेऊ नका, कोर्स करा. बंदूक कशी धरायची, कुंपण कसं ओलांडायचं, समोर नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय चाप का ओढायचा नाही, हे शिकायला एक शनिवार देणं काही जास्त नाही. एकदा पास झालात की ते प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यांतही चालतं.

दुसरी गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. एच-वन-बी, एफ-वन, एल-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला आपल्या कामाचा एक: त्या माणसाकडे मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स असणं. म्हणजे तुमच्यासाठी ते लायसन्स नुसती शिकारीची परवानगी नाही, बंदुकीला हात लावायची कायदेशीर वाट तीच आहे. ती ३१ ऑगस्टला रात्री बंद होते. १ सप्टेंबरला, होल्यांच्या हंगामाच्या पहिल्याच सकाळी, जुन्या लायसन्सवर मित्राची बंदूक हातात घेतली तर तो फेडरल गुन्हा ठरू शकतो. त्यात दोषी ठरलात तर गोष्ट देशाबाहेर काढलं जाण्यापर्यंत जाऊ शकते.

यातच एक फसवी जागा आहे. २०१९च्या सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रानडुकरं मारायला लायसन्स लागत नाही. ऑफिसमधला सहकारी ‘चल, काही लागत नाही’ म्हणतो ते त्याच्यापुरतं खरं असतं. व्हिसावरच्या माणसाला मात्र वरचा फेडरल नियम तिथेही लागू आहे. त्यामुळे डुकरांच्या शिकारीला जायचं असलं तरी आधी २५ डॉलरचं लायसन्स काढा, आणि बंदूक विकत घ्यायचा विचार असेल तर इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय दुकानात जाऊ नका. धनुष्यबाण बंदुकीच्या व्याख्येत येत नाही, म्हणून काही जण त्याकडे वळतात. तोही चांगला मार्ग आहे.

जमिनीचंही बघा. टेक्सासची बहुतांश जमीन खासगी आहे, त्यामुळे लायसन्स हातात आलं म्हणजे जागा मिळाली असं होत नाही. ओळखीचा शेतमालक नसेल तर ४८ डॉलरचं वार्षिक पब्लिक हंटिंग परमिट घेऊन राज्याच्या सार्वजनिक जमिनींवर जाता येतं. हेही सुपर कॉम्बोत धरलेलं नाही.

प्रत्यक्ष खरेदी

वॉलमार्ट किंवा अकॅडमीचा खेळांचा विभाग, टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफचं संकेतस्थळ, किंवा फोन, यांपैकी काहीही चालतं. ऑनलाइन आणि फोनवर वरून थोडं प्रशासकीय शुल्क लागतं. ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी नंबर जवळ ठेवा. १३ वर्षांपुढच्या अर्जदाराला तो विचारला जातो, आणि ते कायद्याने आहे, फसवणूक नव्हे.

होले किंवा बदकं मारायची असतील तर विक्रेत्याला ‘हिप’ नोंदणी करायला सांगा. गेल्या वर्षी किती पक्षी मारले असे दोन-चार प्रश्न विचारतात, पैसे लागत नाहीत, पण लायसन्सवर ती नोंद नसेल तर सुपर कॉम्बो असूनही पक्ष्यांची शिकार बेकायदा ठरते. गर्दीच्या वेळी काउंटरवरचा मुलगा हे प्रश्न विसरतो. छापील कागद हातात आला की तिथेच उभं राहून नाव, जन्मतारीख आणि हिपची ओळ वाचा. ऑगस्टच्या शेवटच्या दोन दिवसांत जाऊच नका, रांग बंदुकीच्या कपाटापर्यंत येते.

डॅलसकडच्यांसाठी खास: लेक टेक्सोमा टेक्सास आणि ओक्लाहोमा यांच्या सीमेवर आहे, आणि तलावाचा मोठा भाग पलीकडच्या राज्यात मोडतो. टेक्सासचं लायसन्स, सुपर कॉम्बोसुद्धा, फक्त टेक्सासच्या बाजूला चालतं. बोटीतून मासेमारी करणार असाल तर १२ डॉलरचं टेक्सोमा लायसन्स घ्या. ते दोन्ही बाजूंना चालतं आणि ३१ डिसेंबरला संपतं.

भारतातून पाहुणे आले तर

बाहेरच्यांसाठी सुपर कॉम्बो नाही. त्यांना दोन्ही पाण्यांचं एक दिवसाचं लायसन्स १६ डॉलरला मिळतं. पूर्ण हंगामाचं हवं असेल तर गोडं पाणी ५८, खारं ६३, दोन्ही ६८. म्हणजे चौथ्या दिवशी एक दिवसाच्या लायसन्सांची बेरीज ६४ होते आणि गोड्या पाण्याचं वार्षिक स्वस्त पडतं. दुकानात जाताना पासपोर्ट बरोबर घ्या.

पण त्याआधी स्टेट पार्कचा विचार करा. टेक्सासच्या स्टेट पार्कमध्ये काठावरून किंवा धक्क्यावरून मासे पकडायला कुणालाच लायसन्स लागत नाही, पाहुण्यांनाही नाही. लागतं ते फक्त पार्कचं प्रवेशशुल्क. ह्यूस्टनकरांना ब्राझोस बेंड जवळ पडतं. तिथे तलावाकाठी सुसरींच्या जातीतले अ‍ॅलिगेटर उन्हात पडलेले असतात, तेव्हा मुलांना पाण्याच्या कडेला एकटं सोडू नका. समुद्र हवा असेल तर गॅल्व्हस्टन आयलंड स्टेट पार्क आहे. शिवाय जूनच्या पहिल्या शनिवारी राज्यभर सगळ्यांना मासेमारी मोफत असते. मासे किती आणि केवढे ठेवायचे हे नियम मात्र दोन्हीकडे लागूच राहतात.

हे पैसे जातात कुठे

लायसन्सची फी राज्याच्या ज्या खात्यात जमा होते, ते वन्यजीव, मासे आणि जलसुरक्षेच्या कामांसाठीच राखलेलं आहे. त्यावर फेडरल पैसा येतो: १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या करातून आणि १९५०च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळ, रॉड, रील यांवरच्या करातून. राज्याला त्यातला वाटा ठरताना क्षेत्रफळाबरोबर लायसन्सधारकांची संख्याही मोजली जाते. म्हणून ज्याला परवडतं त्याने मोफतच्या जागा शोधत न फिरता लायसन्स काढावं असं मला मनापासून वाटतं.

या पैशाचं काम बघायचं असेल तर लेक जॅक्सन या गावात सी सेंटर टेक्सास आहे. तिथे रेडफिशची पिल्लं वाढवून खाडीत सोडतात, आणि प्रवेश मोफत आहे. सत्तरच्या दशकात हा मासा इतका उपसला गेला होता की १९८१मध्ये टेक्सासला रेडफिश आणि स्पेकल्ड ट्राउट यांच्या व्यापारी विक्रीवर बंदी घालावी लागली.

आजीवन घ्यावं का

रहिवाशाला आजीवन कॉम्बो १८०० डॉलरला मिळतं. ६८ डॉलरच्या हिशेबाने ते साधारण २६-२७ वर्षांत वसूल होतं. पन्नाशीतल्या माणसाने ते घेऊ नये, कारण ६५नंतर त्याला ३२ डॉलरचं लायसन्स मिळणारच आहे. इथे जन्मलेल्या आणि आजोबांबरोबर गळ टाकायला आवडणाऱ्या मुलाच्या नावाने घेत असाल तर गोष्ट वेगळी. पुढे मूल दुसऱ्या राज्यात राहायला गेलं तरी टेक्सासमध्ये ते चालत राहतं. डक स्टँप आणि दरवर्षीची हिप नोंदणी मात्र त्यालाही चुकत नाही, आणि नव्या हंगामाचे टॅग प्रत्येक वर्षी नव्याने घ्यावे लागतात.